रंग आणि ध्वनिखंड



संगीत ही कानाची कला होय. तथापि ते नोंदून ठेवावयाचे म्हटले की डोळ्यांचे साहाय्य घ्यावे लागते, आणि डोळ्यांना रंगाची खूण चटकन पटते. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्झो येथील ग्विदो या मठवासी संगीतज्ञाने स्वरलेखनात रेषांची पद्धती रुजविली. त्यांतील ‘एफ’ स्वराची रेषा तांबडी, तर ‘सी’ स्वराची पिवळी असे. तत्पूर्वीच्या चिन्हांवरून स्वर चढतो की उतरतो, एवढाच बोध होई. नेमका स्वर गुरुमुखातूनच घ्यावा लागे. रेषा आल्यावर अपरिचित गीतही वाचता येऊ लागले.

विसाव्या शतकात चुंबकीय फीत आली. संपादक ती ब्लेडने कापीत व चिकटपट्टीने जोडीत. दोन मुद्रणांच्या मध्ये ते रंगीत कोरी फीत घालीत, म्हणजे एक मुद्रण कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे रिळाकडे पाहताच कळे.

संगणकात तुकडा असा हाती येत नाही. १९९१ साली ‘प्रो टूल्स’ ही प्रणाली निघाली, तेव्हा तीत अवघे चार ट्रॅक होते. आज एका गीतात शंभर ट्रॅक असले तरी कोणी नवल करीत नाही. प्रत्येक ट्रॅकवर आडव्या पट्ट्यांसारखे खंड दिसतात. त्यांना ‘रीजन’ म्हणतात. ‘प्रो टूल्स’मध्ये २०११ पासून ‘क्लिप’ हे नाव रूढ झाले. असा खंड म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी नव्हे. मूळ फाइलीतील कोठून कोठपर्यंतचा भाग केव्हा वाजवावयाचा, याची ती सूचना असते. म्हणूनच खंड कापला अथवा हलविला, तरी मूळ मुद्रण अबाधित राहते. पण म्हणूनच एका अंतऱ्याचे दहा खंड सहज साठतात, आणि गायिकेने पसंत केलेला त्यांतील कोणता, हे नुसते पाहून ओळखता येत नाही.

रंगाचे प्रयोजन येथे आहे. तालवाद्यांना एक रंग, तंतुवाद्यांना दुसरा, कंठसंगीताला तिसरा; बाजूला ठेवलेले खंड राखी. असे पाचसहा रंग पुरेत, आणि तोच क्रम प्रत्येक गीतात पाळावा. वीस रंग उधळले, तर ती रंगपंचमी होईल, व्यवस्था नव्हे.

मात्र रंग हा केवळ संकेत आहे. तो ठाऊक असणाऱ्याशीच बोलतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना तांबड्या-हिरव्यातील भेद नीट जाणवत नाही. शिवाय फाइली दुसऱ्या प्रणालीत नेल्या की रंग बहुधा मागेच राहतात. युरोपीय प्रसारण संघाने १९९७ साली ठरविलेल्या ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ फाइलीत मुद्रणाचे वर्णन व वेळ नोंदण्याची सोय आहे. खंडाला दिलेला रंग मात्र तीत उतरत नाही. यास्तव रंगाच्या जोडीला नाव हवेच. ‘ऑडिओ ०७’ या नावातून काहीच कळत नाही. ‘दुसरा अंतरा, गायन, पसंत’ एवढे लिहिले की परक्या माणसालाही पुरते.

संपादकाला आज सारे आठवत असते. वीस वर्षांनी ते गीत दुसरा कोणी उघडील. तेव्हा विचारावयास गायिका नसेल, संपादकही नसेल. फाइली शाबूत असतील, दहाही खंड वाजतील, आणि तरीही तिने निवडलेले गाणे हरवलेले असेल. दोन शब्दांचे नाव आणि एक ठरलेला रंग यांनी ते वाचू शकते.