अर्धशिशी आणि सेरोटोनिन

अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सोसवत नाही, मळमळतंय, आणि घरचे म्हणतात, "पित्त झालं असेल." बऱ्याचदा ती अर्धशिशी असते, म्हणजे मेंदूचा खराखुरा आजार. दुखणाऱ्याला नाटकी म्हणणं तर फारच अन्यायाचं.

या आजाराची कारणं अनेक. त्यांतला एक धागा सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाचा. १९४८ साली रक्तद्रवातून ते वेगळं काढलं गेलं, तेव्हा त्याची ओळख रक्तवाहिन्या आकसवणारं द्रव्य एवढीच होती. १९६१मध्ये इटलीतले संशोधक सिकुतेरी यांनी नोंदवलं, की दुखण्याच्या वेळी सेरोटोनिनच्या विघटनातून होणारा पदार्थ लघवीत वाढतो. पुढे हाच धागा पकडून संशोधक पॅट्रिक हम्फ्री यांच्या चमूने सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीवरचं औषध घडवलं. १९९१मध्ये ते बाजारात आलं. शरीरात सेरोटोनिन ज्या जागांवर बसतं, त्यांतल्या मोजक्या जागांवरच हे औषध बसतं. त्यामुळे फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, चेहऱ्या-डोक्याच्या नसेतून वेदना भडकवणारी रसायनं कमी सुटतात.

हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना मात्र हे औषध चालत नाही. महिन्यातून दहा-दहा दिवस घेतलं, तर त्यानंच डोकं दुखू लागतं. म्हणून कळकळीनं सांगते, दुकानातून परस्पर गोळी आणू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.