औषधांना न जुमानणारं नैराश्य

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही नैराश्य हटत नाही, तेव्हा घरचेही खचतात. पण मार्ग तिथे संपत नाही; चुंबकीय उपचार हा पुढचा एक मार्ग आहे.

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून, चुंबकीय स्पंदनांनी मेंदू उत्तेजित करून दाखवला. पुढे २००८ मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी या उपचाराला मान्यता मिळाली. त्याचं नाव टीएमएस. हा विजेचा ‘शॉक’ नव्हे! भूल नाही, झोपवणं नाही. खुर्चीत जागेपणी बसायचं. टकटक आवाज येतो, म्हणून कानात बोळे घालतात. आठवड्यातून साधारण पाच दिवस, चार ते सहा आठवडे. म्हणजे रोजचं जाणं-येणं जमेल असंच केंद्र निवडा. डोकं दुखू शकतं, क्वचित फीटही येते. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही.

डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. चौकशीची सुरुवात आपल्या मानसोपचारतज्ज्ञांपासून किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागापासून करा. मन फारच खचलं असेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो: १४४१६.