माळ गळ्यात पडल्यावर

मुक्ती हा शब्द आपल्याकडे कीर्तनात येतो, पोथीत येतो. कुणी फार दिवस अंथरुणाला खिळून गेला, म्हणजे "सुटला बिचारा" असे आपण सहज म्हणतो, आणि मुक्ती ही मेल्यानंतरची गोष्ट आहे असे मनाशी धरून बसतो. वर्गात एखाद्या पोराने विचारले, "गुरुजी, मुक्ती म्हणजे काय हो?" तर सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता ही चार नावे फळ्यावर लिहून आपण मोकळे होतो. नावे बरोबरच आहेत. पण पोराच्या हाती काय लागले?

त्यापेक्षा वारकऱ्याकडे बघा. तुळशीच्या १०८ मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात आणि कोणी जुना जाणता वारकरी ती नव्या माणसाच्या गळ्यात घालतो. त्या वेळी तो मोक्ष मागत नाही. खोटे बोलणार नाही, मद्यमांस शिवणार नाही, परस्त्री मातेसमान मानीन, एकादशी धरीन, हरिपाठ म्हणेन, पंढरीची वारी चुकवणार नाही, असे कबूल करतो. सारी कबुली रोजच्या वागण्याची! कालपर्यंत गुत्त्याकडे वळणारे पाय आज सरळ घरी येतात. ही सुटका आधी बायकोला कळते, पोरांना कळते. तुकोबांनीही देवाजवळ मुक्तीपेक्षा संतांची संगतच मागितली. त्यासाठी पुन्हा जन्माला यायची त्यांची तयारी होती.

दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. लहान-थोर पाहत नाहीत. रीत फार चांगली. पण कमरेत वाकणे वेगळे आणि मनातला ताठा जाणे वेगळे. पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळून १३३८ साली चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. पुढे शतकानुशतके यात्रेकरू त्या समाधीला हात लावून देवळात जात राहिले. चोखोबांच्या जातीची माणसे मात्र बाहेरच थांबत. आत जाणाऱ्यांत माळकरी होते, हरिपाठ तोंडपाठ असलेलेही होते.

हे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. बसले कुठे, तर तनपुरे महाराजांच्या मठात. महाराज स्वतः कीर्तनकार. दार उघडले. तेव्हा काही कर्मठ म्हणाले, आता देव बाटला, देवाचे तेज गेले! विठ्ठल तोच, ग्रंथ तेच. एकाने आपल्या मठाचे दार उघडून दिले, दुसऱ्याला देवळाचे दार उघडलेले सोसवले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. आणि गावच्या सप्ताहात काल्याची पंगत बसेल, तेव्हा पोरांना घेऊन जरा बाजूला उभे राहावे. कोण कोणाशेजारी पान मांडून बसतो, वाढायला कोणाला बोलावतात, नि कोणाला नुसते उष्टी काढायला ठेवतात, ते पोरांनाच पाहू द्यावे.