हातमोजे वाटून झाल्यावर

मार्च महिना जवळ आला की मदत देणाऱ्या संस्थांच्या कचेऱ्यांत एक ठरावीक धांदल सुरू होते. वर्षाचा निधी पुरता खर्ची पडलेला नसतो आणि तो ३१ तारखेच्या आत संपवायचा असतो. अशा वेळी कुणाला तरी कचरा वेचणाऱ्या बायका आठवतात, कुणाला बांधकामावरचे मजूर. मग हातमोज्यांची खोकी येतात, गमबूट येतात. सभागृह ठरतं, पाहुणे येतात, फोटो निघतात. मी एका लहान विश्वस्त मंडळावर आहे आणि मदतीसाठी आलेले अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असतं. अशा खोक्यांची बिलं मी मंजूरही केली आहेत. आज बोलायचं आहे ते ही खोकी वाटून झाल्यावर काय होतं, याबद्दल.

कचरा वेचणाऱ्या बाईचं निम्मं काम तिची बोटं करतात. प्लास्टिक कडक आहे की मऊ, पिशवी कोरडी आहे की तेलकट, कागदाखाली काच तर नाही ना, हे ती चाचपून ओळखते. माल नीट वेगळा केला तर भंगाराच्या दुकानात बरा भाव मिळतो, मिसळलेला असला तर पडतो. जाड रबरी मोजा चढवला की बोटांना यातलं काहीच कळत नाही. त्यात मोज्याचा आकार बहुधा पुरुषाच्या पंजाचा. उन्हाळ्यात आत घाम साचतो आणि कातडी सोलवटते. पातळ कापडी मोजा दिला, तर इंजेक्शनची सुई त्यातून सहज आरपार जाते. मग मोजे पिशवीच्या तळाशी राहतात आणि पाहणीला कुणी आलं की बाहेर निघतात. ‘दिलं तरी या बायका वापरत नाहीत,’ असं देणारे नंतर म्हणतात. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. ज्या वस्तूने रोजची कमाई घटते ती वस्तू आपण तरी किती दिवस वापरू?

कामाच्या जागेवरची सुरक्षितता शिकवताना एक उतरंड सांगतात. धोका मुळातच काढून टाकता येतो का, हे सगळ्यात आधी पाहायचं. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत शोधायची. मग यंत्राला आडोसा, धुराला वाट. त्यानंतर कामाच्या वेळा आणि नियम. हातमोजे, मास्क, हेल्मेट यांचा नंबर अगदी शेवटचा. दानधर्मात ही उतरंड नेमकी उलटी होते, कारण शेवटच्या पायरीवरचीच वस्तू खोक्यात भरून, फीत लावून देता येते.

मुळापासून काम कसं होतं, याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या वस्त्यांमध्ये शिकवायला जाऊ लागल्या. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली ठळक नावं. वर्ग चालवता चालवता त्यांच्या ध्यानात आलं, की इथला पहिला प्रश्न उकिरड्याचा आहे. घराघरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला, तर बाईला कुजक्या ढिगात हात घालावा लागणार नाही, कुत्र्यांशी झगडावं लागणार नाही आणि माल स्वच्छ असल्याने पैसेही जास्त मिळतील. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली. ‘चोर’ म्हणून हटकल्या जाणाऱ्या बाईच्या हातात कागद आला, आणि माझ्या मते तोही सुरक्षिततेचाच भाग होता.

पुढचं पाऊल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंचायतीने हिशेब मांडला, की या बायका कचरा उचलतात म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो. हा हिशेब पुढ्यात ठेवून आरोग्यविम्याची मागणी केली आणि विम्याचा हप्ता महापालिकेने भरला. दया दाखवा म्हणून कुणी हात पसरला नव्हता. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

आता विचार करा, असा हिशेब मांडायला पैसे कुणी द्यायचे? वस्त्यांमधून हिंडून वजनं नोंदवणाऱ्या, आकडेमोड करणाऱ्या, महापालिकेच्या जिन्यावर चपला झिजवणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? या खर्चाचा फोटो निघत नाही. आमच्यासारख्या मंडळांपुढे असा अर्ज आला की कुणीतरी विश्वस्त हमखास विचारतात, ‘प्रत्यक्ष लाभार्थ्याला यातलं काय मिळणार?’

वापरलेल्या सॅनिटरी पॅडचीही अशीच गोष्ट आहे. वर्षानुवर्षं ती उघडी टाकली जात आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला लागत. २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी अशी पॅडं पिशव्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत धाडली. हा उद्योग तेव्हा पुष्कळांना किळसवाणा वाटला. मला तो अगदी सभ्य वाटला, कारण ज्याचा माल त्याच्या दारात नेऊन ठेवला होता. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा वस्तू गुंडाळून द्यायची जबाबदारी घराघरावर आली आणि गुंडाळायची पिशवी पुरवायची जबाबदारी उत्पादकावर. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम याच ओघातली. लाल पेनाचा एक ठिपका हातमोज्यांच्या खोक्यापेक्षा जास्त काम करतो, कारण पुडी उघडायचीच नाही हे कचरा वेचणाऱ्या बाईला लांबूनच कळतं.

आढावांचं नाव निघालं म्हणून हमालांविषयी थोडं सांगतो. ते मुळात वैद्यकीय व्यवसाय करणारे. १९५० च्या दशकात त्यांनी पुण्यात हमाल पंचायत संघटित केली. त्या काळचं धान्याचं पोतं क्विंटलचं, म्हणजे १०० किलोचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली, की प्रौढ पुरुषाला हाताने वाहायला लावायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये. आपल्याकडे कामगार संघटनांना त्यासाठी पुढेही खूप वर्षं भांडावं लागलं. आज धान्याचं पोतं बहुतेक ठिकाणी ५० किलोचं झालं आहे. कमरेला बांधायचे पट्टे वाटून, मणक्यांची शिबिरं भरवून हे झालं नसतं. पोतं हलकं झालं, तेव्हा पाठ वाचली.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालाच्या मालकाने मजुरीबरोबर लेव्ही भरायची आणि त्या पैशातून माथाडी मंडळाने हमालांचा भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी सांभाळायचं. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीचं हे मोठं यश. ज्याच्या धंद्यासाठी पाठ वाकते, त्यानेच खर्च उचलायचा, हे तत्त्व त्यात आहे.

बांधकाम मजुरांसाठीही अशी सोय आहे. १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसवला आणि तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. त्यातून सुरक्षा संच मिळतो, मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आजारपणात आणि अपघाती मृत्यूत मदत मिळते. पण आधी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. मराठवाड्यातून, बिहारमधून, छत्तीसगडमधून आलेला मजूर दर दोन-तीन महिन्यांनी साइट बदलतो. नाक्यावर उभा राहून रोज नवा मुकादम गाठणाऱ्याला हा दाखला देणार कोण? आधारकार्डावर गावाचा पत्ता, मोबाईल नंबर बदललेला, अर्ज ऑनलाइन. पैसा मंडळाकडे पडून राहतो आणि मजूर बाहेर. इथे संस्थेने मजूर अड्ड्यावर एक टेबल टाकून, अर्ज भरून देणारा एक माणूस वर्षभर बसवला, तर त्याच्या पगारापोटी दिलेला प्रत्येक रुपया कितीतरी रुपये सोडवून आणतो. शिवाय ते मजुराच्या हक्काचे असतात.

बांधकामावरच्या मुलांचंही तसंच. ज्या जागेवर ५० हून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असं १९९६ च्या कायद्यात होतं. पण कायद्याच्या कितीतरी आधी, १९६९ साली, दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. तिथे मजूर बायकांची तान्ही मुलं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाईल क्रेश’ उभी राहिली. मुंबईत आणि पुण्यातही हे काम रुजलं. तान्हं मूल वाळूच्या ढिगावर, आणि आई डोक्यावर घमेलं घेऊन परांचीवर चढतेय; तिचं अर्धं लक्ष खाली असणारच. तिथे पाळणाघर हे आईच्या पडण्यावरचं औषध आहे. बिल्डर जागा आणि वीज देतो, थोडा खर्च उचलतो, उरलेला देणगीदारांचा. अशा ठिकाणी देणगी शोभते.

हेल्मेट मात्र देणगीतून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मालकाने, कंत्राटदाराने फुकट पुरवायचं असतं; तसा नियमच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायला लावली, पण ती स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी वापरायची नाही, असंही सांगितलं. यामागचा विचार सरळ आहे. स्वतःच्या कामगाराचा जीव सांभाळणं ही परोपकाराची बाब नाही. तरी आमच्याकडे अर्ज येतात, की अमुक प्रकल्पावरच्या कंत्राटी मजुरांना हेल्मेट आणि बूट द्यायचे आहेत, मदत करा. अशा अर्जाला आम्ही आता नाही म्हणतो आणि पदरचा एक सल्ला देतो, की हेच पत्र कंत्राटदाराला लिहा आणि एक प्रत कामगार खात्याला पाठवा.

यातही एक मेख आहे. आपले बरेचसे कामगार कायदे साधारण दहा कामगार असलेल्या जागेपासून लागू होतात. गल्लीतलं वेल्डिंगचं दुकान, घरात बसून अगरबत्ती वळणारी बाई, एकटा दगड फोडणारा, ही माणसं त्या रेषेच्या अलीकडे राहतात. त्यांना मालक दाखवता येत नाही. बाहेरच्या मदतीची खरी गरज इथे आहे, आणि तिचा मोठा भाग वैद्यकीय आहे.

दगडखाणीत, दगड घडवण्याच्या कामात बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. लक्षणं क्षयासारखी, खोकला, धाप, वजन घटणं; त्यामुळे पुष्कळदा क्षयाच्याच गोळ्या दिल्या जातात. छातीचा एक्स-रे आणि माणूस काय काम करत होता याची नोंद, दोन्ही एकत्र आल्याशिवाय निदान होत नाही, आणि निदानाशिवाय भरपाई नाही. राजस्थानात कामगार संघटनांनी आणि संस्थांनी हा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला, म्हणून २०१९ मध्ये त्या सरकारला अशा रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक घाला, असं त्याने वैद्यांना सांगितलं: तू काम काय करतोस? आज आपल्या किती केसपेपरांवर हे विचारलेलं असतं?

उपचारांसाठीही एक सोय आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला, नाक्यावरच्या मजुराला हे ठाऊक नसतं. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी जायचं, एवढं तरी त्यांना सांगून ठेवा.

आता दोन कामं. तुमच्या घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असेल, तर वापरलेल्या सुया पिशवीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असं लिहा आणि ती बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी हातात द्या. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, सांगून द्या. दुसरं काम वर्षातून एकदाचं आहे. एखाद्या संस्थेला देणगी द्यायची ठरवलीत, की तिचं खर्चपत्रक मागवा आणि कार्यकर्त्यांच्या पगारासाठी किती रक्कम धरली आहे ते बघा. ती फार थोडी असेल, तर आपले पैसे तिथे वापरा, असं पत्रात लिहून कळवा. हातमोज्यांसाठी दुसरा कुणीतरी मार्चमध्ये भेटतोच.