पगाराची तारीख आणि रक्तदाब



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पैशावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की 31व्या वर्षी माझा रक्तदाब 150 च्या वर गेला आणि डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी विचारलं, "कर्ज किती आहे?"

कर्ज होतं. बहिणीच्या लग्नात क्रेडिट कार्ड वापरलं होतं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. व्याज नको म्हणून अब्बांनी बँकेच्या कर्जाला नकार दिला होता. कार्डाचं मी त्यांना सांगितलंच नाही. रात्री तीनला जाग यायची. ऑफिसात साधा बग दोन दोन दिवस सुटायचा नाही. साहेबांना वाटलं, पोरगा आळशी झाला.

पुढे 2013 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला एक अभ्यास वाचला. तमिळनाडूतले ऊस शेतकरी तोडणीआधी, हात आखडलेला असताना, बुद्धीच्या चाचणीत मागे पडले. उसाचे पैसे आल्यावर तेच शेतकरी पुढे गेले. वाचून जरा हलकं वाटलं.

आज मी कंपनीत सवलती ठरवणाऱ्या समितीवर आहे. गेल्या वर्षी वाद झाला: जिमची मेंबरशिप द्यायची की आईवडिलांचा मेडिक्लेम? मी मेडिक्लेमसाठी भांडलो. आपल्या घरांत कर्ज बहुतेक वेळा लग्नातून नाहीतर दवाखान्यातून येतं. ट्रेडमिलवर पळून ते फिटत नाही. निम्मा हप्ता कंपनी भरायला तयार झाली.

पण जे मंजूर आहे तेही आपण वाचत नाही. 21,000 पर्यंत पगार असेल तर पगारपत्रकावर ईएसआय बघा. तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. पुरेसे दिवस हप्ता भरलेला असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात. पीएफसोबत 7 लाखांपर्यंतचा विमा असतो, त्यासाठी तुमचा एक रुपयाही कापत नाहीत. माझ्या खात्यात नॉमिनीची जागा सहा वर्षं रिकामी होती! लग्न झाल्यावर जुनं नॉमिनेशन रद्द होतं, तेव्हा लग्न झालेल्यांनी आजच तपासा.

शेवटी अब्बांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. मामूंकडून बिनव्याजी रक्कम आणून त्यांनी कार्ड बंद करवलं. मामूंचे पैसे मी 18 महिन्यांत फेडले. गोळी मात्र अजून चालू आहे.