सहीपूर्वीचा क्षण : प्रकल्प व्यवस्थापन आणि श्रावकाचार



‘प्रकल्प’ हा शब्द आज घराघरांत पोहोचला आहे. समाजातील अनेक तरुण-तरुणी पुणे, मुंबई, बंगळूर येथे आणि परदेशातही प्रकल्प व्यवस्थापक म्हणून जबाबदारी सांभाळीत आहेत. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात, ठरलेल्या दर्जाचे काम पूर्ण करणे ही या व्यवसायाची त्रिसूत्री होय. परंतु मुदत, खर्च आणि दर्जा यांची ओढाताण सुरू झाली, की काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा उरत नाही. तो आचाराचा होतो. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने म्हणूनच आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता केली. जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा हे तिचे चार आधारस्तंभ आहेत.

जैन श्रावकाला ही शिकवण परकी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत उघडपणे न मोडता त्याला लागणारा दोष. ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे देताना माप उणे आणि घेताना अधिक. ‘मापात पाप नको’ हे प्रत्येक व्यापाऱ्याच्या घरचे वळण त्यातलेच. ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणे. न झालेल्या कामाची मोजमाप-पुस्तकातील नोंद, कच्च्या कामाला पक्के म्हणणारा अहवाल, तारीख मागे टाकून केलेली सही, या सर्व कूटलेखक्रियाच होत. आचार्यांना सिमेंटची गोणी ठाऊक नव्हती; मनुष्याचे मन मात्र पुरेपूर ठाऊक होते.

सहीपूर्वीचा क्षण किती मोलाचा असतो, हे अमेरिकेतील एका घटनेवरून ध्यानी येते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत नष्ट झाले. एका शाळाशिक्षिकेसह सात अंतराळवीर प्राणास मुकले. यानाच्या उजव्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडलेले होते, त्या सांध्यातील रबरी कडी थंडीने ताठरली आणि तिने सांधा नीट बंद केला नाही, हे चौकशीत निष्पन्न झाले.

ही केवळ यंत्राची चूक असती, तर तिचा उल्लेख येथे करण्याचे कारण नव्हते. हे अग्निबाण मॉर्टन थायोकोल या कंपनीने बनविले होते. तिच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत स्पष्ट सांगितले होते की, तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये. प्रत्यक्षात उड्डाणाच्या वेळी ते २ अंशांच्या आसपास होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी या सल्ल्याबद्दल नापसंती दर्शविली. कंपनीने काही वेळ मागून घेतला, अभियंत्यांना बाजूस ठेवून चार व्यवस्थापकांनी निर्णय फिरविला आणि संमती कळविली. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उडविणाऱ्यांची असते. त्या रात्री मात्र ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार शंका घेणाऱ्यांवर टाकला गेला. नीती उलटी झाली ती तेथे.

त्या रात्री एका माणसाने सही नाकारली. उड्डाणस्थळी कंपनीचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित असलेले ॲलन मॅकडोनल्ड यांनी संमतीपत्रावर सही केली नाही. ती दूरवरच्या कार्यालयातून त्यांच्या वरिष्ठांनी केली. पुढे चौकशी आयोगासमोर सत्य सांगितल्याबद्दल मॅकडोनल्ड यांची पदावनती झाली. लोकप्रतिनिधींनी आवाज उठविल्यावर त्यांना पुन्हा स्थान मिळाले आणि सदोष सांध्याची नवी रचना करण्याचे काम त्यांच्याच हाती आले. त्यांच्या नकाराने यान थांबले नाही. परंतु सही म्हणजे शाईची रेघ नसून सत्याणुव्रताची कसोटी आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

असा क्षण केवळ अवकाशयानाच्या वाट्याला येत नाही. गावोगावी मंदिर, सभामंडप, वसतिगृह, धर्मशाळा यांची कामे चालतात. पंचकल्याणक महोत्सवाची तिथी ठरलेली असते, मुनिश्रींचा विहार निश्चित असतो, पत्रिका छापून झालेल्या असतात आणि स्लॅब मात्र चार दिवसांपूर्वी पडलेला असतो. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. साडेचार मीटरपेक्षा अधिक गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान १४ दिवस काढावयाचे नसतात. आणि काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांच्या चाचणीवरून पारखली जाते. काँक्रीटला मुहूर्त कळत नाही. अशा वेळी ‘एवढ्या वेळेपुरते काढा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘टेकू निघणार नाहीत’ असे सांगणारा एखादा तरुण अभियंता किंवा वृद्ध मिस्त्री सर्वांना अप्रिय होतो. वास्तविक त्या मंडपाखाली बसणाऱ्या प्रत्येक जीवाचा रक्षक तोच असतो. पत्रिका पुन्हा छापता येते.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांचा समावेश आहे. शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे, असा त्यांचा अर्थ. मुदत गाठण्यासाठी मजुरांना रात्रंदिवस राबविणे हे अतिभारारोपण नव्हे काय? आठवड्याची मजुरी अडवून ठेवली तर ज्या घरी चूल पेटत नाही, तेथे अन्नपाननिरोधच घडतो. पाणी गाळून पिणाऱ्या श्रावकाच्या कामावर मजूर शिरस्त्राणाविना परांचीवर चढत असेल, तर त्या गाळण्याला अर्थ काय उरला?

तिसरा विचार विश्वस्तांसाठी. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ येतो. न्यास म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. संस्थेलाही आपण न्यासच म्हणतो. बोलीतून आलेला आणि गुप्तदानातून आलेला प्रत्येक रुपया ही अशी ठेव आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहेच. परंतु कायदा पावती पाहतो, धर्म भाव पाहतो. नातलगाला दिलेले कंत्राट, एकाच हाताने लिहिलेली तीन दरपत्रके, वाढलेला खर्च शेवटपर्यंत झाकून ठेवणे, यांत कागद पुरे असतील. व्रत पुरे नसते.

सत्य सांगणारा निर्भय राहावा, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचे पहिले एसएलव्ही-३ यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी वार्ताहरांसमोर अपयश स्वतःच्या शिरावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी यश आले, तेव्हा त्यांनी वार्ताहरांशी बोलण्यास कलामांना पुढे केले. जेथे प्रमुख असा असतो, तेथे सहकाऱ्याला खोटा अहवाल लिहावा लागत नाही.

अनेकांत म्हणजे दुसऱ्या बाजूनेही सत्याकडे पाहणे. प्रकल्पाच्या प्रत्येक बैठकीत ‘हे काम का थांबवावे?’ असा प्रश्न एकदा विचारला जावा. उत्तर कनिष्ठाकडून आले तरी त्याचा मान राखावा. आणि सहीसाठी कागद पुढे आला म्हणजे लेखणी टेकविण्यापूर्वी नवकार मंत्राएवढा वेळ थांबावे. तेवढ्या वेळात सत्य काय आहे, ते मनाला ठाऊक असतेच.

जय जिनेंद्र!