कोण गेलं, डॉक्टर?



अध्यक्षाची पहिली पाच मिनिटं आभारात जातात. मला एकूण वेळच थोडा दिलाय, म्हणून आभार मनापासून मानतो आणि थेट कॅथ लॅबमध्ये शिरतो.

काही वर्षांपूर्वी सत्तरीतले एक शेतकरी आजोबा अँजिओग्राफीसाठी टेबलावर होते. मनगट बधिर केलं, शीथची नळी घातली. आजोबा घाबरलेले, मॉनिटरवर ठोके 96. संगीत आणि हृदय यावर मी तेव्हा नुकतंच काहीबाही वाचलं होतं. त्या उत्साहात सिस्टरांना म्हटलं, सारंगी लावा. छान संथ आलापी सुरू झाली आणि मिनिटभरात ठोके 112! आजोबांनी मान किंचित वळवून दबक्या आवाजात विचारलं, "डाक्टर, कोन गेलं वो?"

तुमच्यापैकी केस पिकलेल्यांना लगेच उलगडा झाला असेल. मोठा नेता गेला की आकाशवाणीवर सारंगी वाजायची. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधी गेल्यानंतरचे दिवस ज्यांनी रेडिओपाशी काढले, त्यांच्या कानांना सारंगी म्हणजे सुतक. मी शांतता लावली होती, त्यांना अशुभ वार्ता ऐकू आली.

आता मी वाचलं होतं ते काय? इटलीतल्या पाव्हियाचे लुचिआनो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली 24 निरोगी माणसांना, त्यातले निम्मे संगीतकार, निरनिराळं संगीत ऐकवलं. बेथोव्हेन होता, रॅप होतं, टेक्नो होतं आणि आपला सतारीवरचा रागही होता. लय वाढली की श्वास, ठोके आणि रक्तदाब वाढत. कोणाला काय आवडतं याला फारसं महत्त्व ठरलं नाही, महत्त्व लयीला. पण खरी गंमत पुढे आहे. अधेमधे त्यांनी दोन मिनिटांची निव्वळ शांतता पेरली होती. त्या शांततेत ठोके आणि रक्तदाब खाली आले, तेही संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्या खाली. म्हणजे सर्वांत जास्त आराम दिला तो सूर थांबल्यावर. समेवर येऊन गवई क्षणभर थांबतो तेव्हा बैठकीतून जो सुस्कारा निघतो, तो मला या प्रयोगानंतर वेगळा ऐकू येऊ लागला.

याच मंडळींनी त्याआधी, 2001 मध्ये, जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र तपासला होता. दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीतले आणि महाधमनीच्या कमानीतले दाबमापक मेंदूला खबर देतात, मेंदू व्हेगस मज्जातंतूमार्फत ठोके आवरतो. या व्यवहारातून रक्तदाबात मुळातच साधारण दहा सेकंदांची एक लाट असते. श्वास त्या लाटेशी जुळला की झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारल्यासारखं होतं. पुढे 2009 मध्ये त्यांना वर्दीच्या काही गायनओळींतही याच लांबीचे झोके सापडले.

म्हणून कुठला राग कुठल्या आजारावर, असा जो तक्ता महिन्यातून एकदा आपल्या मोबाइलवर येऊन पडतो, तो वाचून मला हसू येतं आणि थोडा रागही. रागाचं नाव हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या सायनस नोडला ठाऊक नसतं. त्याला श्वास कळतो, दाब कळतो आणि मेंदूने पाठवलेली भीती कळते.

मग संगीताचा पुरावा किती? हृदयरुग्णांना संगीत ऐकवण्याच्या चाचण्यांवरच्या 2013 च्या कोक्रेन आढाव्यात 26 चाचण्या आणि 1369 रुग्ण होते. चिंता, ठोके, रक्तदाब यांत घट दिसली, पण माफक, आणि चाचण्यांचा दर्जाही फार उंच नव्हता. संगीताने ब्लॉकेज उघडत नाही, गोळ्या बंद होत नाहीत. मात्र चिंता जास्त उतरली ती रुग्णाला निवड करू दिली तिथे. पाव्हियातल्या धडधाकट माणसांत आवड गौण ठरली. पण टेबलावर पडलेल्या, मरणाला भ्यालेल्या माणसाचं गणित निराळं असतं, असं मला वाटतं. त्याचं हृदय कानाआधी आठवणीने ऐकतं.

   

तर आजोबा. सारंगी बंद केली. "कोणी गेलं नाही, बाबा," म्हटलं. "काय लावू?" ते म्हणाले, "काय नको. मीच म्हनतो." आले तेव्हा गळ्यात तुळशीची माळ होती. टेबलावर यायच्या आधी आम्हीच ती काढून ठेवायला लावली होती. त्यांनी पुटपुटत हरिपाठ धरला. एका दमात चरण, मग श्वास, मग पुढचा चरण. तिसऱ्या अभंगाला ठोके 88. हरिपाठाने उतरले, की कोणी गेलं नाही हे कळल्याने, सांगता येत नाही. एका पेशंटचा पुरावा होत नाही, हे मी निवासी डॉक्टरांना रोज शिकवतो. हलू नका एवढंच म्हणालो आणि वायर पुढे सरकवली.

अँजिओग्राफी झाली, शीथ काढली, मनगटावर पट्टा आवळला. सिस्टर ट्रॉली घेऊन आल्या, तर आजोबांनी मोकळ्या हाताने थांबा अशी खूण केली. अजून बरेच अभंग उरले होते. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता. आम्ही थांबलो.